गवयांचा पोशिंदा

शिकागो हे अमेरिकेतील एक मोठे उद्योगनगर. त्याच्या दक्षिण भागातून त्रेचाळिसावा रस्ता जातो. १९८५ साली या रस्त्याच्या एका लहानशा भागाला ‘मडी वॉटर्स मार्ग’ असे सन्मानाचे नाव देण्यात आले. रस्त्यांना सेनापतींची, पुढाऱ्यांची किंवा दानशूर धनिकांची नावे द्यावयाची, असा सर्वत्र रिवाज आहे. मडी वॉटर्स यांपैकी कोणीच नव्हते. त्यांचे तरुणपण कापसाच्या शेतात राबण्यात गेले. शालेय शिक्षणही त्यांना फारसे लाभले नाही. ते गवई होते. ‘ब्लूज’ नावाचे गाणे गात आणि गिटार वाजवीत. त्यांना जाऊन कितीतरी वर्षे लोटल्यावरही नामांकित वादक त्यांच्याविषयी कृतज्ञतेने बोलत राहिले. त्या आठवणींत गाण्याबरोबर आणखी एक गोष्ट हटकून येई : होतकरू कलावंतांना या माणसाने आपल्या घासातला घास दिला होता.

मडी यांचे खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. १९१३ च्या सुमारास मिसिसिपी राज्यातील एका गरीब कृष्णवर्णीय कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आई लवकरच वारली आणि आजीने नातवाला वाढविले. हा पोर जवळच्या ओढ्याच्या गढूळ पाण्यात सारखा खेळत असे. तेव्हा आजी त्याला कौतुकाने ‘मडी’, म्हणजे ‘चिखलाने माखलेला’, असे म्हणू लागली. पुढे या नावाला पाण्याचीही जोड मिळाली आणि ‘मडी वॉटर्स’, म्हणजे ‘गढूळ पाणी’, हेच त्याचे नाव होऊन बसले.

क्लार्क्सडेल गावाजवळ स्टोव्हॉल नावाचा कापसाचा मोठा मळा होता. त्या मळ्यात लाकडी ओंडक्यांच्या एका खोपटात आजी आणि नातू राहत. जमीन मालकाची आणि श्रम कुळाचे, अशी तेथील अर्धेलीची शेती. पीक निघाले की निम्मे मालकाचे. कुळाच्या वाट्याला आलेल्या निम्म्यातून उधारीवर घेतलेल्या सामानसुमानाचे पैसे कापले जात, आणि तो हिशेबही मालकाच्याच वहीत असे. वर्षभर राबूनही कुळाच्या हाती फारसे काही उरत नसे. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती. पण तिची सावली अजून त्या शेतांवर रेंगाळत होती.

ब्लूज हे गाणे अशाच शेतांच्या आसपास वाढले. दळणाचे कष्ट हलके व्हावेत म्हणून जशी जात्यावरची ओवी, तसे हे श्रमणाऱ्यांचे गाणे. त्याची नेहमीची बांधणी अगदी साधी असते. गाणारा एक ओळ गातो. तीच ओळ पुन्हा गातो. आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर देतो. ओळ संपल्यावर जी मोकळी जागा राहते, तेथे गिटार बोलते. घर सुटले, पीक बुडाले, जिवलग दुरावले, असे दुःखाचे विषय त्यात पुष्कळ. मधूनच थट्टाही असते. दुःख चारचौघांत गाऊन टाकले की मनावरचे ओझे थोडे उतरते, हे गाणाऱ्यालाही ठाऊक असते आणि ऐकणाऱ्यालाही.

मडी प्रथम माऊथ ऑर्गन वाजवावयास शिकला. वयाच्या सतराव्या वर्षी त्याला गिटारचा ध्यास लागला. पण पैसे कोठून आणावयाचे? घरात एकच घोडा उरला होता. तो विकून सुमारे १५ डॉलर आले. त्यांतील निम्मे मडीने आजीच्या हाती ठेवले आणि उरलेल्यांतून सुमारे २.५ डॉलरची एक गिटार घेतली.

त्या भागात सन हाउस नावाचे एक थोर ब्लूज गायक होते. बाटलीचा कापलेला गळा बोटात घालून तो तारांवरून सरकविला, म्हणजे तारेतून माणसाच्या हुंदक्यासारखा सूर निघतो. ही विद्या सन हाउस यांच्या हाती होती. मडी त्यांच्या गाण्याला जाई आणि त्यांच्या बोटांवरची नजर हलवीत नसे. जे पाहिले ते घरी येऊन, हाताला वळण लागेपर्यंत, घोटीत असे. असे हे शिक्षण झाले. त्याला ना फी होती, ना पुस्तक.

१९४१ च्या ऑगस्ट महिन्यात मळ्यावर दोन पाहुणे आले. एक होते लोकगीतांचे संग्राहक ॲलन लोमॅक्स आणि दुसरे फिस्क विद्यापीठातील संगीताचे प्राध्यापक जॉन वर्क. वॉशिंग्टन येथील काँग्रेस ग्रंथालयासाठी ते लोकांची गाणी ध्वनिमुद्रित करीत हिंडत होते. त्यांनी मडीचे गाणे तबकडीवर घेतले आणि लगेच वाजवून दाखविले. आपलाच आवाज बाहेरून ऐकण्याचा मडीचा हा पहिला प्रसंग. आपण इतरांसारखेच, ध्वनिमुद्रिकेवरच्या गवयासारखे गातो, हे त्याला त्या क्षणी कळले. पुढे टपालाने तबकडीच्या दोन प्रती आणि २० डॉलर आले. शेतमजुराच्या दृष्टीने ती रक्कम लहान नव्हती. पण तबकडीचे मोल त्याहून मोठे होते.

त्या वेळी मडी मळ्यावर ट्रॅक्टर चालवीत असे. ताशी २२.५ सेंट मजुरी मिळे. त्याने २५ सेंट मागितले. मुकादमाने ते नाकारले, वर रागेही भरला. तेव्हा १९४३ साली मडीने आजीचा निरोप घेतला आणि उत्तरेकडे जाणारी आगगाडी धरली. त्या काळात दक्षिणेतील लाखो कृष्णवर्णीय माणसे अशीच गाव सोडून कारखान्यांच्या शहरांकडे जात होती. 

शिकागोत आल्यावर मडी दिवसा कागदाच्या कारखान्यात काम करीत आणि रात्री लोकांच्या घरच्या मेजवान्यांत गात. नव्या माणसाला शहरात कोण विचारतो? बिग बिल ब्रून्झी यांनी विचारले. ब्रून्झी हे त्या वेळी शिकागोतील ब्लूज गायकांत वडीलधारे. त्यांचा नावलौकिक मोठा होता आणि कार्यक्रमांची वाण नव्हती. त्यांनी या खेडवळ तरुणाला आपल्या कार्यक्रमांत आधी गावयास संधी दिली आणि चार माणसांत त्याची ओळख करून दिली. हा उपकार मडी विसरले नाहीत. १९५८ च्या ऑगस्ट महिन्यात ब्रून्झी निवर्तले. त्यांना खांदा देणाऱ्यांत मडी होते. पुढे मडींनी केवळ ब्रून्झींच्या गीतांची एक ध्वनिमुद्रिका गायिली. ती १९६० साली प्रसिद्ध झाली. 

दरम्यान मडींचे स्वतःचे गाणे बदलून गेले होते. खेड्यातील निवांत रात्रीत साधी गिटार पुरे होई. शिकागोच्या उपाहारगृहांत आणि गुत्त्यांत मात्र कारखान्यांतून सुटलेल्या माणसांचा एवढा गलबला असे की, तारेचा आवाज पहिल्या बाकापर्यंतही पोचत नसे. तेव्हा मामांनी त्यांना विजेवर चालणारी गिटार मिळवून दिली. या गिटारीत तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तारेचे वेटोळे असते. वरची तार कंप पावली की वेटोळ्यात विजेचा क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक तो वाढवून मोठ्या आवाजात ऐकवितो. शेतातले गाणे मडींनी या यंत्रावर चढविले. पण त्यातला हुंदका हरवू दिला नाही. १९४८ साली त्यांची एक ध्वनिमुद्रिका निघाली. तिच्या प्रती इतक्या झपाट्याने खपल्या की, खुद्द मडींना दुकानात एकाहून अधिक प्रत मिळेना, असे सांगतात. इंग्लंडमधील काही तरुणांनी १९६२ साली आपला वाद्यवृंद उभारला, तेव्हा मडींच्या १९५० सालच्या एका गीतावरूनच त्याचे नाव ‘रोलिंग स्टोन्स’ असे ठेवले. पुढे तो वाद्यवृंद जगभर गाजला.

कीर्ती आली, थोडा पैसा आला. मडींनी शिकागोच्या दक्षिण भागात लेक पार्क मार्गावर विटांचे एक दुमजली घर घेतले. ते घर लवकरच गवयांची धर्मशाळा झाली. पियानोवादक ओटिस स्पॅन तळघरात राहत. तालमीही तेथेच चालत. वर स्वयंपाकघरात मडींच्या पत्नी रांधीत. तिकडे तालीम चाले, इकडे चुलीवर भांडे रटरटे. माऊथ ऑर्गन वाजविणारे लिटल वॉल्टर, त्यांच्यानंतर ज्युनियर वेल्स, त्यांच्यानंतर जेम्स कॉटन, असे एकाहून एक गुणी वादक मडींच्या वाद्यवृंदात तयार झाले आणि पुढे स्वतःचे वाद्यवृंद घेऊन बाहेर पडले. १९५२ साली लिटल वॉल्टर यांना स्वतंत्र यश मिळाले आणि ते वेगळे झाले. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे मडींच्या ध्वनिमुद्रणांत त्यांचाच माऊथ ऑर्गन ऐकू येत असे. १९५५ साली चक बेरी नावाचा एक अपरिचित तरुण मडींना भेटला आणि ध्वनिमुद्रिका काढण्यासाठी कोणाकडे जावे, असे विचारू लागला. मडींनी त्याला आपल्याच कंपनीच्या मालकाकडे धाडले. त्याच वर्षी त्या तरुणाचे नाव देशभर झाले.

गवयाच्या व्यवसायात प्रत्येक नवा वादक हा उद्याचा प्रतिस्पर्धी असतो. आज ज्याला पुढे करावे, तोच कदाचित उद्या आपली जागा घेईल. मडींना हे कळत नव्हते असे नाही. शिकागोत त्यांची हॉलिन् वुल्फ यांच्याशी चाललेली चुरस सर्वश्रुत होती. पण दाराशी आलेल्या तरुणाला आधी पोटभर खाऊ घालावे आणि मग त्याचे वादन ऐकावे, असाच त्यांचा परिपाठ होता. या परिपाठाची सर्वांत प्रसिद्ध हकिकत बडी गाइ यांची आहे.

बडी हा लुइझियाना राज्यातील अर्धेली शेतकऱ्याचा मुलगा. लहानपणी त्याने खिडकीच्या जाळीच्या तारा काढून त्यांचे वाद्य केले होते. १९५७ च्या सप्टेंबर महिन्यात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो गिटार घेऊन शिकागोत उतरला. ओळखदेख नाही, काम नाही. जवळचे पैसे संपले. पोटात अन्न नाही, अशी पाळी आली. आता आईला कळवून घरी परतावे, असा विचार त्याच्या मनात घोळू लागला. अशा अवस्थेत एका रात्री एका अनोळखी माणसाने त्याला सत्तेचाळिसाव्या रस्त्यावरील ‘७०८ क्लब’ या ठिकाणी नेले. तेथे ओटिस रश नावाचे गायक गात होते. बडीला व्यासपीठावर बोलावण्यात आले. तो भुकेल्या पोटीच वाजवू लागला, आणि ऐकणारे थक्क झाले. कोणी तरी मडींच्या घरी दूरध्वनी केला.

मडी रात्री आपली मोटार घेऊन आले. येताना त्यांनी पाव आणि खारवलेले मांस बरोबर आणले होते. मुलगा उपाशी आहे, हे त्यांच्या कानी गेले होते. त्यांनी त्याला मोटारीत बसविले, पावाला काप लावून तो त्याच्या हाती दिला आणि आधी खाऊन घेण्यास सांगितले. ज्यांची गाणी ऐकून आपण लहानाचे मोठे झालो, तेच मडी वॉटर्स शेजारी बसून आपल्याला जेवू घालीत आहेत, हे बडीला खरे वाटेना. तुम्ही भेटलात आणि माझी भूकच गेली, अशा अर्थाचे काही तरी तो बोलला. मडींनी त्याचे ते बोलणे मानले नाही. त्यांनी त्याला खावयास लावले आणि घरी परतण्याचा विचार मनातून काढून टाक, असे बजावले. बडी शिकागोतच राहिला.

१९६३ साली मडींना विजेच्या साहाय्यावाचून, जुन्या खेडवळ पद्धतीची एक ध्वनिमुद्रिका करावयाची होती. साथीला त्यांनी बडीला आणले. एवढ्या तरुण मुलाला जुनी पद्धत काय येणार, अशी शंका कंपनीच्या मालकांनी काढली. मडी शांत होते. बडीने वाजविण्यास सुरुवात केली, तेव्हा शंका काढणारे गप्प झाले. ती ध्वनिमुद्रिका आजही ब्लूज शिकणारे विद्यार्थी मन लावून ऐकतात.

आपल्या गुरूविषयीही मडींच्या मनात तसाच जिव्हाळा होता. १९६४ साली सन हाउस यांचा शोध लागला. दूरच्या एका शहरात ते अज्ञातवासात राहत होते आणि गाणे त्यांनी केव्हाच सोडून दिले होते. रसिकांनी त्यांना पुन्हा व्यासपीठावर आणले. तोवर त्यांचे वय झाले होते, हात थरथरत होते. मडींच्या वाद्यवृंदातील काही तरुण त्यांच्या चालण्याची नक्कल करून हसू लागले. मडींनी त्यांना तेथल्या तेथे दटावले. आपण लहान होतो तेव्हा हा माणूस राजा होता, हे त्यांनी त्या तरुणांना सुनावले, अशी आठवण सांगतात.

परंतु काळ पालटत होता. कृष्णवर्णीय समाजातील नवी पिढी निराळ्या गाण्याकडे वळली. आईवडिलांनी शेतातून आणलेले ब्लूज तिला जुनेपुराणे वाटू लागले, दारिद्र्याची आठवण करून देणारे वाटू लागले. क्लब एकामागून एक बंद पडत चालले. मडींना मानसन्मान मिळत होते, इंग्लंडपासून दूरदूरच्या देशांतून बोलावणी येत होती. आणि ज्या वस्तीत ते गाणे वाढले, त्याच वस्तीत ऐकणारे कमी होत होते. बडी गाइ यांनी १९७२ साली त्रेचाळिसाव्या रस्त्यावर ‘चेकरबोर्ड लाउंज’ नावाचा क्लब उघडला, तो अशा पडत्या काळात. १९८१ च्या नोव्हेंबर महिन्यात तेथे मडींचे गाणे झाले. ऐकावयास ‘रोलिंग स्टोन्स’मधील मंडळी आली होती. मडींनी त्यांना आणि बडीलाही व्यासपीठावर बोलावून घेतले. वृद्ध गुरू मध्यभागी आणि दोन खंडांतील शिष्य भोवती, असा तो सोहळा होता.

त्यानंतर मडी आजारी पडले. आजार कर्करोगाचा होता. पण त्याची वाच्यता त्यांनी होऊ दिली नाही. बडी आणि ज्युनियर वेल्स यांनी भेटावयास येण्याची इच्छा दर्शविली, तेव्हा मडींनी ती टाळली आणि एवढेच सांगितले की, ब्लूज मरू देऊ नका. ही आठवण बडींनी पुढे अनेक वेळा सांगितली. ३० एप्रिल १९८३ रोजी शिकागोजवळील वेस्टमाँट येथे, राहत्या घरी, झोपेतच मडींचे प्राणोत्क्रमण झाले.

गुरू गेल्यावर शिष्याने शोक करावा, हे स्वाभाविकच. पण शोक आवरल्यानंतर एक अवघड प्रश्न उरतो. ज्याने आपल्याला भुकेच्या वेळी अन्न दिले, त्याला आता काय देता येईल? त्याला आता अन्नाची गरज नाही आणि कीर्तीचीही नाही. बडींनी या प्रश्नाचे उत्तर आपल्या आचरणाने दिले. १९८९ साली त्यांनी शिकागोत ‘लेजंड्स’ नावाचा क्लब काढला. त्याचे व्यासपीठ त्यांनी नव्या वादकांना मोकळे करून दिले. कोठे एखादे लहान मूल चांगले वाजविते असे कळले, तर ते त्याला आपल्या कार्यक्रमात बोलावून शेजारी उभे करीत. एके काळचा उपाशी तरुण आता स्वतः वडीलधारा झाला होता.

मडींच्या मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, १९९९ साली, क्लार्क्सडेल येथे ख्रिस्टोन इन्ग्रम नावाचा मुलगा जन्मला. त्या गावात ‘डेल्टा ब्लूज संग्रहालय’ आहे. स्टोव्हॉल मळ्यावरचे मडींचे ते ओंडक्यांचे खोपट उचलून याच संग्रहालयात आणून ठेवले आहे. संग्रहालय केवळ जुन्या वस्तू मांडून थांबले नाही. गावातील मुलांसाठी त्याने वादनाचे वर्ग चालविले. ख्रिस्टोन आठव्या वर्षी तेथे जाऊ लागला. पुढे ‘किंगफिश’ या नावाने तो ओळखला जाऊ लागला. २०१९ साली त्याची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तेव्हा त्यातील एका गीतात त्याच्याबरोबर गावयास आणि वाजवावयास बडी गाइ आले. त्यांचे वय त्या वेळी ऐंशीच्या पुढे होते. २०२२ साली किंगफिशला संगीतक्षेत्रातील नामवंत ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

सन हाउस यांच्याकडून मडींना जे मिळाले आणि ब्रून्झी यांनी त्यांना जे दिले, ते मडी परत फेडू शकले नाहीत. त्यांनी ते बडीच्या हाती ठेवले. बडींनाही मोटारीतला तो पाव मडींना परत देता आला नाही. त्यांनी तो पुढच्या मुलाला दिला. सावकाराचे कर्ज ज्याचे त्याला फेडावे लागते. गुरूचे ऋण मात्र दुसऱ्याच कोणाच्या तरी हाती द्यावे लागते, आणि तो दुसरा बहुधा वयाने लहान, अपरिचित आणि भुकेला असतो.

क्लार्क्सडेलच्या संग्रहालयात मडींचे खोपट आजही उभे आहे. ज्या ओंडक्यांनी एकेकाळी अडीच डॉलरच्या गिटारीवर चाचपडणारी बोटे ऐकली, त्यांच्या सावलीत गावची मुले वाजवावयास शिकली. त्यांतल्या एकाचा आवाज जगभर पोचला. ब्लूज मरू देऊ नका, असे सांगून गेलेल्या माणसाला याहून अधिक काही नको होते.